रविवारची गोळी

माझ्या थिसिसमध्ये गुलाबमावशीचं बीपी कंट्रोलमध्ये आहे.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मावशी कोण ते माहीत नाही, म्हणून सांगते. लांबलंय, पण वाचा.

मी बार्शीची. पब्लिक हेल्थचं मास्टर्स करायला पेणला आले तेव्हा इथे माझं कुणीच नव्हतं. आठवडाभर लेक्चर्स आणि फील्डवर्क. रविवारी एका मंडळाबरोबर रोह्याजवळच्या अष्टमी गावात जायचे, समाजमंदिरात लोकांचं बीपी तपासायला. घरचे लोक कौतुक करायचे, पोरगी शिक्षण सांभाळून सेवा करते म्हणून. खरं सांगू? रविवारी रूम खायला उठायची.

पहिल्या रविवारी कुणी फिरकलंच नाही. फक्त एक बाई दारातून आमची गंमत बघत उभी होती. मग आत आली, हात पुढे केला, पट्टा बांधून घेतला आणि बाहेर जाऊन अख्खी आळी गोळा करून आणली.

ती गुलाबमावशी. एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर बागेचं काम करायची. रविवारी तिला सुट्टी.

पुढच्या रविवारपासून आमच्या आधी येऊन सतरंजी घालायची. बायकांना रांगेत बसवायची. माझ्यासाठी डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं.

"ज्वारी खाऊन अशी वाळलीस गो तू."

रांगेतल्या सगळ्यांत तिचंच बीपी जास्त होतं. मीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली.

पुढे गाईड म्हणाले, या रविवारच्या नोंदीच थिसिसला वापर की. रीतसर परवानग्या काढल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अभ्यास आणि सेवा एकाच वहीत बसले. मी खूश.

त्यानंतर कधीतरी मावशी म्हणाली की या गोळीने लघवीला फार होतं. मी म्हटलं, होईल सवय. वहीत लिहिलं, तक्रार नाही. मागे रांग होती.

मग एका रविवारी तिचं बीपी खूप वर आलं. मी चिडले. सगळ्या बायकांसमोर.

"मावशी, तूच असं केलंस तर माझा सगळा रेकॉर्ड खराब होईल."

माझा रेकॉर्ड म्हणाले मी. तुझा जीव नाही म्हणाले.

ती ओशाळली. शाळेत ओरडा खाल्लेल्या मुलीसारखी खाली बघत बसली. मला ते दिसलं होतं.

त्यानंतर दर रविवारी तिचं बीपी चांगलं यायचं. आकडा सांगितला की आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मी हसले की ती हसायची.

सबमिशन तोंडावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. बुधवार होता. सर्व्हे आटपून मी रोह्याहून अष्टमीच्या पुलावरून चालले होते. समोरून मावशी आली, नुकतीच शिफ्ट सुटलेली. चेहरा लालबुंद, कपाळ दाबत होती. मशीन बॅगेत होतंच. म्हटलं, बस इथे कठड्याशी, बघू.

तिने हात पदराखाली घेतला.

"आज नको गो. आज बुधवार हाय. रविवारी बघ."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

माणसं तपासणीच्या आधी दोन दिवस गोळ्या घेतात आणि एरवी घेत नाहीत, हे आम्हाला शिकवलेलं आहे. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिलंय. चांगले मार्क पडले होते.

पण तिला विचारलं असतं तर तिच्या नोंदी काढाव्या लागल्या असत्या. कदाचित बाकीच्यांच्याही तपासाव्या लागल्या असत्या. सबमिशन पुढे गेलं असतं.

मी म्हटलं, बरं, रविवारी ये. आणि निघाले.

थिसिस दिला. मग व्हायव्हाची तयारी, म्हणून रविवार सुटले. एक, दोन, मग सगळेच. तिच्या मुलीचा, सुषमाचा फोन आला तेव्हा मी प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स करत होते. मावशी कामावर कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. मी पोचेपर्यंत संपलं होतं.

तेराव्याला सुषमाने एक डबा माझ्यापुढे ठेवला. आत गोळ्यांची पाकिटं. फोडलेली थोडी, बाकी तशीच.

"कामावर बायांना जायला जागा लांब हाय. सारखं सोडत नाय मुकादम. म्हणून शनिवार-रविवार घ्यायची," सुषमा म्हणाली. "सांगायची, पोरीचा कागद खराब नाय झाला पायजे."

मी तो डबा हातात धरून बसले. सुषमाला वाटलं मी मावशीसाठी रडतेय.

डॉक्टरांना सांगून गोळी बदलून मिळाली असती. वेळ बदलता आली असती. दोन मिनिटांचं काम होतं. आणि ती मला सांगून बसली होती.

गाईडना मी नंतर सगळं कळवलं, नोंदी दुरुस्त करायला अर्ज दिलाय. त्याचं जे व्हायचं ते होईल.

पण पुलावरची गोष्ट मी वर्षभर कुणालाच सांगितली नव्हती. आज सकाळी अष्टमीला जाऊन सुषमाला सांगितली. कळत होतं, तरी निघून गेले, हेही सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढंच म्हणाली, "नुसता हात धरला असतास तरी दिला असता गो तिनं. तुला नाय म्हणायची नाय ती."

मावशी, भावपूर्ण वगैरे लिहायला हात धजत नाही.

आज बुधवार आहे. येताना पुलावर कठड्याशी थांबले होते. मशीन बॅगेत होतं.

येते, मावशी.