अनुमोदक: हौसामावशी

हौसामावशी काल गेली.

अख्खी टर्म नगरसेविका होती, आणि सभागृहात एकदाच बोलली. त्या बोलण्याचं पाणी ओढ्यापलीकडची वस्ती अजून पितेय.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी तेव्हा रांगत होतो. त्यामुळे सोर्स खुद्द मावशी, आणि दुजोरा नगरपालिकेच्या रिटायर्ड हेडक्लार्कचा. वार्ताहर माणूस, एका सोर्सवर बातमी देत नाही.

मावशी माहेरची मिरजगावची. दिली आपल्या जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी. तिचे थोरले दीर दादासाहेब, नगरपालिकेतले वजनदार पुढारी. बायकांसाठी जागा राखीव होती. बाहेरची बाई आणण्यापेक्षा घरची बरी, म्हणून त्यांनी धाकट्या भावजयीला उभं केलं आणि निवडून आणलं.

"भाषणबिषण नको," त्यांनी बजावलं. "नुसतं अनुमोदन द्यायचं."

ज्यांनी कधी सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी: ठराव मांडतो तो सूचक. त्याला पाठिंबा देतो तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव जागीच पडतो.

मोकाट गाढवं कोंडवाड्यात घालणे. अनुमोदक हौसाबाई.

बाजारतळावरच्या दिव्यांना नव्या काचा बसवणे. अनुमोदक हौसाबाई.

पूजेत संकल्प भटजी सोडतात आणि यजमान 'मम' म्हणतो. नगरपालिकेत मावशी 'मम' म्हणायची. तेही मनातल्या मनात. डोक्यावर पदर घेऊन, ती चालवायची त्या शिवणवर्गातल्या ब्लाउजांना हूक लावत बसायची. हेडक्लार्क तिचं नाव सभा सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवायचे.

"वेळ वाचायचा हो," ते मला म्हणाले.

मग तो विषय आला.

ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत एक नळकोंडाळं होतं. म्हणजे तोट्यांचा सार्वजनिक नळ. विहिरी आटल्या, तसं ते उचलून बाजारपेठेत आणायचं ठरलं. विषयपत्रिकेवर नाव झकास होतं: 'नळकोंडाळ्याचे सोयीस्कर स्थलांतर.'

सोय कोणाची, हे लिहायची पद्धत तेव्हाही नव्हती.

वस्तीतल्या बायकांनी मग पाणी कुठून आणायचं? पेठेतल्यांचं भरून झाल्यावर, उरलं तर तिथूनच. सूचक खुद्द दादासाहेब.

सभेच्या आदल्या दुपारी वस्तीतली गयाबाई मावशीकडे आली. शिवणवर्गात मावशीच्या हाताखाली शिकलेली. नगरपालिकेच्या बोर्डावरची नोटीस वाचून आली होती.

आमच्या नगरसेविकेने ती वाचली नव्हती.

"बाई, तिथं हां कोन म्हनतं?"

"मीच म्हनते की."

"समद्याला?"

"समद्याला."

"मंग उद्याच्याला म्हनू नका."

"अगं, ठराव दादासाहेबांचा हाय. त्यांच्यापुढं मी डोक्यावरचा पदर ढळू देत न्हाई, आन् तू…"

"पदर ऱ्हाऊ द्या की डोक्यावर. पदर काढा कोन म्हनतंय?"

मावशी सांगायची, त्या रात्री भाकरी करपल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी ठराव मांडला. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे "अनुमोदक?" विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता पुढच्या विषयाचा कागद उचलला.

"माझं नाव खोडा."

आवाज कुठून आला हेच आधी कोणाला कळेना. त्या खुर्चीतून आजवर आवाज आलाच नव्हता.

हेडक्लार्क म्हणाले, "वहिनी, लिहून झालंय."

"मंग खोडा. शाई पालिकेचीच हाय."

दादासाहेब लालबुंद. तरी दात आवळून म्हणाले, "आपण घरी बोलू."

मावशीने पदर सारखा केला. "घरचं घरी बोलू, दादासाहेब. नळाचं हितंच."

अध्यक्षांनी सभागृहावर नजर फिरवली. "दुसरं कोणी? अनुमोदक कोण?"



ठराव बहुतेकांना हवा होता. त्याखाली स्वतःचं नाव एकालाही नको होतं. तेवढ्यासाठी तर आजवर मावशी होती! एक सन्माननीय सदस्य टक लावून पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

ठराव पडला.

नळ राहिला.

पुढे दादासाहेब तिच्याशी कितीतरी वर्षं बोलले नाहीत. चहा मागायचे तोसुद्धा भिंतीकडे बघून. मावशी द्यायची, तोही भिंतीजवळ ठेवून. पुढच्या निवडणुकीत अर्थातच तिला उभं केलं नाही.

"त्यांनी बी माझं नाव खोडलं," मावशी हसायची. "फिट्टंफाट."

आमच्या घराण्यात भाषणं ठोकणारे पुष्कळ झाले. मी त्यांच्या बातम्याही छापल्या. एकाचंही एक वाक्य आज आठवत नाही.

काल सकाळी तिच्या तोंडात पाणी घालायची वेळ आली. देवघरातला गंगाजलाचा गडू मी आणला. मंत्र तयार होता. (संस्कृत घेऊन एम.ए. झालो तेव्हापासून मावशी मला 'शास्त्रीबुवा' म्हणायची. कौतुकाने, असा माझा समज.)

तेवढ्यात सुनेचा हात धरून गयाबाई आली. पार वाकलीय आता. हातात तांब्या.

"आपल्या नळाचं हाय," ती म्हणाली.

मी हातातल्या गडूकडे बघितलं. तिनेही बघितलं.

"मी गंगा मानत न्हाई, शास्त्रीबुवा. पन नळ मानते."

मी गडू खाली ठेवला. मंत्र तोंडपाठ होता. म्हटला नाही.

मावशीला नळाचं पाणी पाजलं.

तर मंडळी, 'हौसामावशीस भावपूर्ण श्रद्धांजली' असा ठराव आज माझ्या या ऑनलाइन भिंतीवर मांडत आहे.

सूचक मी.

अनुमोदक कोण?