राजा-राणीचं जेवण

माईक आमच्या सीटपर्यंत आला तेव्हा बस नदीवरच्या पुलावर होती. ग्रुप टूर म्हटलं की ओळख परेड आलीच. एकेकानं उठायचं, नाव, गाव, मुलंबाळं सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. हे उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आम्ही शेवगावचे. मी साखर कारखान्यातून रिटायर झालो, मिसेस शिवणक्लास घेतात. आम्हाला एक मुलगी, पुण्यात असते." टाळ्या झाल्या. माईक पुढे गेला.

एक मुलगी! माझं डोकंच सणकलं.

आमचा मुलगा डेंग्यूनं गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. सव्वीस वर्षांचं तरणंताठं पोर. तेव्हापासून ह्यांनी त्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मी विषय काढला की चपला घालायच्या आणि बाहेर पडायचं. लोक मला समजावायचे, पुरुषमाणूस आहे, आतल्या आत सोसतो. अहो, सोसू दे ना, पण माझ्याजवळ बसून सोस म्हणावं! त्याच्याबद्दल निदान एक वाक्य बोलावं, एवढंच मागणं होतं माझं. लेकीनं ही व्हिएतनामची टूर बळंच बुक करून दिली होती, आईबाबा जरा मोकळे होतील म्हणून. आणि ह्यांनी काय केलं, तर भर बसमध्ये पोराला पुसून टाकलं.

ते गाव ह्युए. पूर्वी तिथे व्हिएतनामच्या बादशहांची राजधानी होती. सकाळभर आम्ही तटबंदी, खंदक, एकात एक दरवाजे बघत फिरलो. आतला निम्मा राजवाडा लढाईत गेलेला, नुसती जोती उरलेली. गाईड तिथे बोट दाखवून इथे राणीचा महाल होता, इथे वाचनालय होतं असं सांगत होता आणि आमची मंडळी रिकाम्या गवताचे फोटो काढत होती. मी ह्यांच्याशी अक्षर बोलले नाही. आमच्या मागच्या सीटवर कर्जतच्या एक बाई होत्या, बहिणीबरोबर आलेल्या. त्यांनी पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि "घ्या वो, तोंड लई उतरलंय तुमचं," म्हणत माझ्या हातावर चिमूटभर ठेवली. तीही मला गिळवेना.

दुपारी एका बादशहाच्या समाधीवर नेलं. तळं, झाडं, सगळं निवांत. एका मंडपात माणसाच्या दुप्पट उंचीची शिळा उभी होती आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरं. गाईडनं सांगितलं, बाप गेला की त्याच्या आयुष्याचा लेख मुलानं लिहायचा, अशी इथली रीत. पण या बादशहाला राण्या ढीगभर असून पोटचं मूल एकही झालं नाही. मग त्यानं जिवंतपणीच स्वतःचा लेख स्वतः लिहून ठेवला.

मंडळी तळ्याकडे सेल्फीला पांगली. हे तिथेच उभे. एक अक्षर कळत नव्हतं, तरी बघत होते. माझा राग उफाळून आला.

"तुम्हीपण घ्या लिहायला," मी म्हटलं. "तुम्हाला तरी कोण आहे? एक मुलगी!"

ते वळले नाहीत. म्हणाले, "दोन म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, मुलगा काय करतो. मग काय सांगायचं होतं मी? माईकवर?"

ते अजून त्या अक्षरांकडेच बघत होते.

"मला तो शब्द बोलता येत नाही गं. लोकांना सोपं असतं विचारायला."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज कातर झालेला ऐकला मी. वाटलं, बाई, कसली जीभ ही तुझी. पण जवळ जाऊन हात धरायचंही सुचलं नाही. खालून टूर मॅनेजरनं हाक मारली, तसे आम्ही चालायला लागलो.

संध्याकाळी शाही जेवण होतं. तिथे अशी गंमत असते की ग्रुपमधल्या एका जोडप्याला बादशहा-बेगमचा पोशाख चढवायचा, सिंहासनावर बसवायचं आणि बाकीच्यांनी दरबारी व्हायचं. ज्यांचं लग्न सगळ्यात जुनं, ते आम्ही निघालो. नको नको म्हणेपर्यंत पिवळे झगे अंगात गेले, डोक्यावर मुकुट आले. वाजंत्री सुरू झाली. गाजराचा कोरलेला मोर, त्याच्या पिसाऱ्यावर टोचलेले रोल, कमळाच्या बियांचा भात. सगळे मुजरे करत होते, शिट्ट्या मारत होते. टूर मॅनेजरनं माईक ह्यांच्यापुढे धरला. "बोला राजेसाहेब, तुमच्यामागे गादीवर कोण? राजकन्याच ना?"

ह्यांनी मोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मुलगा आहे की," ते म्हणाले.

"अहो, सकाळी तर एकच मुलगी म्हणालात!"

"माईक हातात आला की गडबडतो हो मी. राहूनच गेलं."

"घ्या! पोटच्या पोराला विसरले!" सगळा हॉल हसला. हेही हसले. त्या मुकुटाखाली त्यांचे डोळे मला बघवेनात.

वाजंत्री थांबली, जेवणं सुरू झाली. कर्जतच्या बाई ताट घेऊन थेट आमच्या शेजारी येऊन टेकल्या. "काय करतो मुलगा?"

"मोबाईलचं दुकान आहे," हे म्हणाले. "शेवगावातच. बसस्टँडजवळ."

"लगीन झालं का?"

ह्यांचा घास हातातच राहिला. आता माझी पाळी होती. सकाळपासून मला खरं हवं होतं ना? खरं सांगायचं तर हीच वेळ होती. आणि मी म्हटलं, "नाही अजून. बघतोय."

"व्हय? माजी भाची हाय बघा, लई गुनाची. बीएस्सी झालीय. फोटू हाय का मुलाचा?"

मी मोबाईल काढला. दुकानाच्या पूजेच्या दिवशीचा फोटो, पांढऱ्या शर्टातला. बाईंनी चष्मा लावून न्याहाळला, बहिणीला दाखवला. "राजबिंडा हाय गं!" मग भाचीचा फोटो आम्ही बघितला. खरंच गोड पोरगी, गालावर खळी. हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "ह्याला तिखट लागतं फार," ते म्हणाले, "आणि सकाळी हाक मारून उठत नाही." माझ्या पोराबद्दल ते बोलत होते, आणि बोलतच राहिले. त्याची गाडी, त्याची क्रिकेट टीम, बारावीला त्यानं मारलेल्या दांड्या. मी पोटभर जेवले. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

निघताना बाईंनी नंबर घेतला. "विचारून कळवा हं."

शेवगावला परतलो. चार दिवसांनी बाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला. "काय वो, विचारलं का मुलाला?" मी फोन तसाच ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी टीव्ही बंद केला, फोन दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, पत्रिका जमत नाही वगैरे काहीतरी सांगतील.

"ताई," ते म्हणाले, "आमचा मुलगा वारला. दोन वर्षं झाली."

पलीकडे बाई हुंदके द्यायला लागल्या, थांबेचनात. मी पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकले. ह्यांचा आवाज मात्र हलला नाही.

"रडू नका ताई," ते म्हणाले. "मुलगी छान होती हो. आम्हाला पसंत होती."