चादरीची दोन टोकं

बायकांना जग दाखवायचंच, अशा तोऱ्यात मी एकदा शहापूरच्या महिला मंडळात परदेशी सिनेमाची सीडी लावली होती. पडदा म्हणून भिंतीवर चादर बांधली होती. ख्रिस्ती ननांच्या आश्रमात कोंडलेल्या पोरींची ती गोष्ट. दिवसभर लोकांचे कपडे धुवायचे आणि तोंड उघडलं की मार खायचा. संवाद मी मराठीत सांगत होते. अर्ध्यावर बायका रडायला लागल्या, तशी मी बंद करायला उठले.

"बंद नका करू. पोरी सुटतात का, ते बघायचंय मला."

भातसानगरच्या कॉलनीत कपड्यांना इस्त्री करणारी बाई होती ती. नाव मी कधी विचारलंच नाही. शेवटपर्यंत ती ताठ बसली होती. पदराची घडी घालायची, तळहाताने दाबायची, मोडायची, पुन्हा घालायची.

सगळ्या गेल्यावर तिने चादर सोडली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. घडी घालता घालता आम्ही अगदी जवळ आलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी लहानपनी मुंबईला अशाच होममधी व्हती. बोलायची बंदी. चादरीची घडी घालताना दोघी जवळ यायचो, तेवढंच बोलायचो. तसंच ठरवून दोघी पलालो."

तिने चादर काखेत मारली.

"आजच्या दिवस ही मला द्या, ताई. लेकीला यातलं कायच म्हाईत नाय. आज तिला दुसरं टोक धरायला लावते."