सांतानची लंडनवाली

लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी मला सगळं सांगितलं होतं. सासऱ्यांना दमा आहे, विहीर लांब आहे, नवऱ्याला, सांतानला, फणसाची भाजी चालत नाही. घरात सवत आहे हे तेवढं सांगायचं राहिलं. खोलीत पाऊल टाकलं तर ती कपाटाच्या आडोशाला उभी. दुनळी बंदूक, लाकडी दस्ता, काळपट नळ्यांवर नागमोडी वेल. "हात लावू नको गो," नवरा म्हणाला, "लंडनची आसा." नव्या नवरीशी तो बोललेलं पहिलं धड वाक्य हे.

तेव्हापासून 'लंडन' ऐकून माझे कान किटलेत. त्याच्या आजोबांनी ती गोव्याच्या कुणा भाटकाराकडून, बड्या जमीनदाराकडून, घेतली. शेतीरक्षणाचा परवाना आजोबांकडून सासऱ्यांकडे आणि सासऱ्यांकडून ह्याच्याकडे आला. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजीत 'लंडन' कोरलंय, आणि आमच्या कट्टा गावच्या बाजारात ते माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही. मासे घ्यायला गेला तरी मासेवालीला सांगून येईल.

माणूस वाईट नाही. केळी, सुपारी, थोडी नारळाची बाग, सगळं स्वतःच्या हातांनी करतो. रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो, आणि वाजवायला लागला की मला त्याचे सगळे अपराध माफ करावेसे वाटतात. पण घरी येऊन व्हायोलिन खुंटीला टांगतो आणि बंदूक पुसायला घेतो. की माझं डोकं फिरलंच.

मला बंदुकीचा राग नाही, भीती आहे. सांतानचा चुलतभाऊ लिओन, रेडीचा. वांदरांवर बार काढताना त्याची बंदूक हातात फुटली आणि डाव्या हाताची तीन बोटं गेली. नळीखाली डावाच हात असतो ना. सांतानची व्हायोलिनच्या तारांवर फिरणारी बोटंही डाव्याच हाताची. हे मी त्याला किती परीनं सांगितलं. उत्तर एकच. "लिओनाची बंदूक कसली तरी गावठी. माझी लंडनची. ती फुटाची नाय."

गेल्या मे महिन्यात मी हट्टच धरला. तपासून आण, नाहीतर मी माहेरी आचऱ्याला चालले. पुतण्या केव्हिनच्या गाडीतून तिघं सावंतवाडीला गेलो, जितेंद्र नावाच्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं नळ्या दस्त्यापासून उतरवल्या, उलट्या केल्या आणि भिंग लावलं. खाली एक अंडाकृती ठसा होता, वर मुकुट, आत तीन इंग्रजी अक्षरं.

"काका, हा बेल्जियमचा ठसा आहे," तो म्हणाला. "लंडन नुसतं कोरलेलं. त्या काळी गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कोरायचे."

जितेंद्रनं पुढं समजावलं. नळीवरचा वेल ही नक्षी नव्हे, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळी करून, ठोकून सांधलेली नळी आहे. ती जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेली. आजच्या काडतुसाचा जोर तिला सोसेलच याची खात्री नाही, त्यात काडतुसाचं घर आखूड. नवं काडतूस आत जातं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला पुढं जागा नाही. "नवी काडतुसं हिच्यात घालू नका. आणि कुठलाही बार काढायच्या आधी बंदूक उघडून नळीतून उजेड दिसतो का बघायचं. रोज बघत असलात तरी बघायचं."

परत येताना हा गाडीत तोंड फुगवून बसला. घरी आल्यावर शेजारच्या बाळा गावकरनं कुंपणापलीकडून विचारलं, काय म्हणाला रे बंदूकवाला? तर हा सरळ म्हणाला, "अस्सल इंग्लिश म्हणालो तो. फस क्लास." मी तिथंच उभी होते. काय बोलणार? नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं म्हणे, मी तरी पाडलं नाही.

पाऊस आला तशी ह्यानं बंदुकीला बुचं लावली. आमच्याकडे ही जुनीच रीत. पावसाळ्यात कुंभारीण माशी नळीत मातीचं घर बांधते, खारी हवा आत जाऊन गंज धरते. म्हणून नारळाच्या सोडणाचे, काथ्याचे, बोळे खोबरेलात भिजवून दोन्ही नळ्यांच्या तोंडांत घट्ट ठासायचे. मग निवडणूक लागली, परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा. हा तिला बुचांसकट पोचवून आला आणि पोरगी सासरी गेल्यासारखा दोन दिवस जेवेना. ती परत आली ती डिसेंबरात, थंडी पडल्यावर.

त्याच आठवड्यात वांदरांची टोळी बाळाच्या केळीत शिरली. बाळा म्हणजे तोंडाचा फटकळ. बाजारात सगळ्यांसमोर म्हणाला, "सांताना, तुझी लंडनवाली आता भिंतीक टेकान बसली काय रे? म्हातारी झाली काय?" झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा बंदूक घेऊन निघाला. खिशात नवी काडतुसं, कुडाळहून आणलेली. मी नाताळच्या करंज्या, आमच्या नेवऱ्या, करत होते, तशीच पिठाच्या हातांनी मागं धावले.

बाळाच्या घरापुढच्या खळ्यात अर्धी वाडी जमलेली. बाळा, त्याची आई हौसाबाई, बघे. वांदरं केळीवर बसून आरामात खात होती. सांताननं तारेनं बुचं ओढून काढली, फेकली आणि खिशात हात घातला. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"जितेंद्र काय बोललो ता विसरलंस?"

"हवेत एकच बार," तो हळूच म्हणाला. "माझी लाज घालवू नको गो, फेलू."

"तुझी लाज रवात, पण बोटां? नाताळाक काय दातांनी वाजवतलंस?"

"बाजूक हो."

"आदी उगड आणि माका दाखय. मग काय ता कर."

हौसाबाई म्हणाली, "दाखय रे एकदा, बायल सांगता ती." लोक हसले. त्यानं रागानं बंदूक मधोमध दुमडली आणि माझ्यापुढं धरली. "बघ. दोनूय बुचां काढलंय. तुझ्या समोर काढलंय."

मी वाकून नळ्यांत डोळा लावला. उजव्या नळीतून बाळाच्या माडाची झावळी आणि आभाळ दिसलं. डावीतून काही दिसलं नाही. नुसता काळोख.

मी बाजूला झाले आणि त्याला खूण केली. त्यानं पाहिलं. परत पाहिलं. मग बाळाच्या कुंपणाची एक बारीक काठी उपटली आणि मागच्या बाजूनं आत रेटली. बराच जोर लावल्यावर पुढून सोडणाचा गोळा पडला. खोबरेल थंडीनं थिजून मेणासारखं झालं होतं. तारेला आला होता बुचाचा अर्धा भाग, उरलेला नळीत तसाच चिकटून होता. पुढं अडकलेला बोळा, मागं नवं काडतूस आणि नळी ती जुनी. पुढचं मी सांगायला नको, लिओन सांगेल.

सांतान बाळाच्या पायरीवर बसला. डावा हात गुडघ्यावर ठेवून एकेक बोट हलवून बघत राहिला. वांदरं खातच होती.

"काय झालां रे?" बाळानं विचारलं. "लंडनची ना ती?"

मला वाटलं आता हा काहीतरी दडपून देणार. थिजलेल्या तेलावर खापर फोडेल, पावसावर फोडेल, माझ्यावर फोडेल. मी तयारीतच होते.

"न्हय रे बाळा," तो म्हणाला. "बेल्जियमची आसा ती. लंडन नुसता कोरलेला. माका मे म्हयन्यापासून म्हाईत आसा."

कुणी हसलं नाही. बाळा आत गेला, तेलाचा रिकामा डबा आणि दांडकं घेऊन आला आणि केळीत शिरून बडवायला लागला. वांदरं पळाली.

मी सांतानच्या पाठीत पिठाच्या हातानं एक सणसणीत धपाटा घातला. मग त्याचा डावा हात धरून, एवढ्या लोकांसमोर, तिथंच पायरीवर बसून रडले.