रज्जाकभाईंच्या गाठी

कामशेत ते तिकोणा पेठ रोज दोन फेऱ्या मारणारी रज्जाकभाईंची जीप माणसांपेक्षा पिशव्यांनीच जास्त भरलेली असायची. कुणाची औषधं, कुणाचं बियाणं, कुणाच्या लेकीला लाडू. तीस वर्षांत त्यांनी कधी पावती फाडली नाही. पिशवी पोचली नाही, तर तिच्या बंदाला गाठ पडायची. घर बंद असेल तर एक गाठ, म्हणजे उद्या पुन्हा न्यायची. घेणाऱ्यानं नाकारली तर दोन, म्हणजे पुन्हा फेरा नाही, पाठवणाऱ्याला कारण सांगून परत द्यायची. बिनगाठीची पिशवी परत आलेली कुणी पाहिली नव्हती.

त्यांची लेक शहिस्ता वराळ्याला घरी बसून सॉफ्टवेअर लिहायची. एक संस्था मावळातल्या मधुमेहाच्या रुग्णांना इन्सुलिन पुरवायची, तिचं काम शहिस्ताकडं होतं. रुग्णानं मागणी केली की त्या मागणीचा निरोप होऊन रांगेत लागायचा आणि लगेच रुग्णाच्या फोनवर 'पाठवलं' असं यायचं. भांडाराचा प्रोग्रॅम सवडीनं तो उचलायचा आणि पेटी निघायची. सगळा कारभार निरोपांवर. "अब्बा, माझे निरोप सेकंदात पोचतात," असं ती तोऱ्यात सांगायची. पोरीला अक्कल होती, जरा जास्तच.

एका शनिवारी दुपारी रज्जाकभाईंचा फोन आला.

"शहिस्ता, तिकोणा पेठेच्या येसूबाईची इन्सुलिनची पेटी आली न्हाई."

"मागणीच केली नसेल त्यांनी."

"घरात फ्रीज न्हाई तिच्या. दर शुक्रवारी आठवड्याचं माझ्याच जीपमधनं येतं. काल न्हाई, आज न्हाई. कायतरी झालंय, तू बघ."

तिनं कुरकुरत लॅपटॉप उघडला आणि नोंदी तपासल्या. मागणी आली होती. भांडारानं गावांची यादी नवी केली, तिच्यात तिकोणा पेठ राहून गेलं होतं. गाव सापडेना, म्हणून प्रोग्रॅमनं तोच निरोप तीनदा चालवून पाहिला आणि गुपचूप टाकून दिला. मागणाऱ्याला कारण परत कळवायची सोय शहिस्तानं केलीच नव्हती.

ती थक्क झाली, स्वतःच्या चुकीपेक्षा बापामुळं. आलेली पिशवी कुणालाही दिसते. या माणसाला न आलेली पेटी दिसली होती! एवढा बाप घरात असून आपण त्याला हसत राहिलो, याची तिला लाज वाटली.

तिनं स्वतः भांडारातून पेटी उचलली आणि संध्याकाळच्या फेरीला जीपमध्ये बसली.

येसूबाई उंबऱ्यातच बसली होती, चेहरा उतरलेला. उरलेलं औषध पुरवायला ती कालपासून अर्धंच टोचून घेत होती.

"मावशी, कुणाला सांगितलं का नाही?" शहिस्तानं विचारलं.

"फोनवर 'पाठवलं' असं आलंतं की. ते तू लिव्हलंय म्हनं." येसूबाई पेटी उघडत म्हणाली, "रज्जाकभाईची लेक खोटं कशाला लिव्हंल? म्हून गप बसले."