जिनाकडच्या दोन रांगा

दादा संत्र्याचं खोड दोन्ही पंजांनी धरून बघायचा. बोटांना बोटं टेकली तर झाड अजून लेकरू; टेकेनाशी झाली की ते जाणतं झालं. आमच्या बागेतली सगळी कलमं एकाच पावसाळ्यात लावलेली होती. तरी उगवतीच्या बांधालगतच्या दोन रांगांत त्याची बोटं सातव्या वर्षीही टेकत. “बुटकी हायेत, पन गोड हायेत,” म्हणून तो पुढे जाई.

त्या बांधापलीकडे कापसातली सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जिन, होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि शेंदूरजनाघाटच्या वाटेवरच्या आमच्या गावात हंगाम सुरू झाला की जिनाचं धुरांडं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत थांबत नसे. हिवाळ्यात वारा उगवतीकडूनच येतो. वहिनी धुणं मावळतीच्या कुंपणावर वाळत घालायची, कारण इकडे घातलं की पांढऱ्या धोतरावर काळे ठिपके पडत. माणसांच्या कपड्यांची काळजी आम्हाला पहिल्या वर्षीच सुचली होती.

मी अकोल्याला शाळेत शिकवत होतो. जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी एका खोलीत राहायचो आणि सुटीत गावी यायचो. त्या साली पावसानं भाद्रपदातच हात आखडता घेतला होता. नाताळच्या सुटीत आलो तेव्हा विहिरीच्या आतल्या पायऱ्या दिसत होत्या, आणि दादानं बागेला ताण दिला होता.

ताण म्हणजे पाणी तोडणं. काळ्या जमिनीतलं झाड महिना-दीड महिना तहानलेलं ठेवायचं. पान मलूल होऊन गळू लागलं की ताण बसला. मग पाणी सोडायचं, आणि झाड फुलांनी भरून येतं. पाणी तोडणं कोणालाही जमतं. ते कधी सोडायचं हे पानावरून ओळखावं लागतं, आणि त्यात दादाचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

“चाल, तुले गंमत दाखवतो,” म्हणून त्यानं मला जिनाकडच्या रांगांत नेलं. बाकीची बाग अजून हिरवी होती. इथं मात्र पानं लोंबत होती, खाली थर पडला होता. “पाह्यलं? यायले पंधरा दिवसांतच ताण बसला. अशी गुनाची झाडं!”

मी एक पान रुमालानं पुसलं. रुमाल काळा झाला. पुसलेलं पान पिवळं होतं, आणि त्याच्यावर कापसाची बारीक तूस काजळीत चिकटून बसली होती.

“दादा, हा ताण नसेल. धुरानं झाडं आजारी असतील.”

“काहून? धूर का आज आला? सात वर्सं खाऊनच रायली ते.” मग त्यानं वहिनीला हाक मारली. “ऐकलं का वो? मास्तर झाडायची नाडी पाहून रायले.”

“पाहू द्या ना,” वहिनी म्हणाली. “अकोल्यात झाडं कमी, नाड्याच जास्त असतीन.”

दोघंही हसली. मीही हसलो.

मी हसायला नको होतं. त्याच वर्षी वाचनालयात बागकामावरचं एक इंग्रजी पुस्तक माझ्या हाती आलं होतं. धुरांड्यांच्या गावांत पानांची श्वासाची छिद्रं काजळीनं बुजतात, झाडं खुरटतात, त्यांची मुळं खोल जात नाहीत आणि कोरडं वर्ष आलं की तीच आधी जातात, अशा अर्थाचं त्यात काहीतरी होतं. मी ते पान दोनदा वाचलं होतं. आणखी दोन वाक्यं बोललो असतो तर दादानं त्या रांगांना त्याच दिवशी पाणी सोडलं असतं. तो हट्टी नव्हता. पण त्याचा चेहरा इतका खुलला होता, आणि पुस्तकी म्हणून हसं करून घ्यायची मला पुन्हा हिंमत झाली नाही.

त्यानं ताण सगळ्या बागेबरोबर पुरा केला. माघात पाणी सोडलं तेव्हा त्या दोन रांगांना असा बहर आला की पान दिसेना. लोक बघायला येऊन गेले. मरणारं झाड असं फुलतं, हे तेव्हा गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुटीत आलो तोवर विहीर तळाला गेली होती. बाकीची झाडं पानं टाकून कशीबशी उभी होती. जिनाकडची शेंड्याकडून वाळत खाली येत होती. दादा आणि वहिनी घागरीनं पाणी आणून त्यांच्या आळ्यात ओतत होते. वहिनी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होती. माझं डिसेंबरातलं बोलणं तिच्या लक्षात राहिलं असावं. पुसायला पानं फारशी उरली नव्हती.

ज्येष्ठात दादानं पहिलं झाड उपटलं. ते सहज आलं. त्यानं बुंधा उलटा करून मुळं पाहिली. वीतभर खाली जाऊन ती आडवीच पसरली होती. उकिडवा बसून तो ती बोटांनी चाचपू लागला.

“मास्तर,” तो म्हणाला, “खरं सांग. तुले हे माईत होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग मले तरी कसं माईत असनार,” असं म्हणून तो उठला आणि दुसऱ्या झाडाकडे गेला. त्याच्या आवाजात सुटका होती. मी ती काढून घेऊ शकलो नाही.

त्या दोन रांगांच्या जागी त्यानं पुढं तूर पेरली. बाकीच्या बागेविषयी मात्र तो मला सगळं विचारू लागला. खत, छाटणी, पाणी. मी पुस्तकं चाळून सांगायचो आणि तो तसंच करायचा. ही त्याची सवय शेवटपर्यंत राहिली. गेल्या महिन्यात तो गेला. दहाव्याला वहिनी मला म्हणाली, “भाऊजी, ते सांगून गेले, बागेचं काई अडलं तर मास्तरले इचारजो. तो आपल्याशी खोटं बोलत नाई.”

मी मान डोलावली. अजून तिला काही सांगितलेलं नाही.