कुळांचा गुरू आणि माझा खाडा

आमच्या घराण्यातले पहिले पदवीधर माझे वडील. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. परीक्षा मी दिल्या, पास मी झालो. पण पदवी त्यांनी घेतली, आणि त्याला फोटोचा पुरावा आहे!

पेणजवळच्या खाडीकाठचं आमचं गाव. पावसाळ्यात भातशेती, ती आटोपली की मिठागर. मॅट्रिकच्या पुढे घरातलं कुणी गेलं नव्हतं. मी रोह्याला आत्याकडे राहून बी.ए. झालो (कुठल्या वर्गात, ते विचारू नका) आणि विद्यापीठाचं पदवीदानाचं पत्र आलं. मी मोठ्या ऐटीत वाचलं, "कुलगुरूंच्या शुभहस्ते..."

बाबा ताडकन उठून बसले. "कुनाच्या?"

"कुलगुरूंच्या."

"कुळांचा गुरू? ऐकलंस गो?" ते आईला म्हणाले. "आपन पिढ्यानपिढ्या खोताची कुळं. आपला बी कोनी गुरू हाय, नि आजवर कोनी सांगितला नाय!"

"बाबा, ते कूळ वेगळं. कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचे..."

"तू गप. गुरूकडं रिकाम्या हातानं जायाचं नाय!"

आईने पोह्याचे पापड बांधले. बाबांनी स्वतःच्या हातांनी पिकवलेलं शेरभर मीठ फडक्यात घेतलं. वडखळच्या नाक्यावर एसटी पकडून कुळं निघाली गुरूच्या भेटीला!

विद्यापीठाची ती दगडी इमारत बघून मी भारावलो. बाबा भारावले नाहीत. "एवढा दगड वाहिला कुनी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना इतिहास सांगू लागलो : इंग्रजांच्या काळातलं विद्यापीठ, इथून किती थोर माणसं बाहेर पडली... व्हरांड्यात त्यांच्या तसबिरीच होत्या. न्यायाधीश, मंत्री, शास्त्रज्ञ. बाबा प्रत्येकीपुढे थांबले.

"यात मिठागरवाला कोन?"

"नाय कोणी."

"अजून नाय," बाबा म्हणाले. रांगेच्या टोकाला एक खिळा रिकामा होता. तो त्यांनी हलवून बघितला. "पक्का हाय. ध्यानात ठेव."

समारंभ सुरू झाला. झगे घातलेले प्राध्यापक, पुढे चांदीचा दंड घेतलेला माणूस, अशी मिरवणूक आली. "ही तर रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी!" बाबा मोठ्यांदा म्हणाले. "फक्त ढोल नाय!"

मी काळा झगा चढवून रांगेत उभा राहिलो. मागे वळून बघतो, तर बाबांची खुर्ची रिकामी! पिशवीही नाही! खिळ्याकडेच गेले असणार! रांग सोडून मी व्हरांड्यात पळालो. खिळा होता, बाबा नव्हते. (गुरूला आपण दिसावं म्हणून ते पुढच्या रांगेत जाऊन बसले होते. हे मला कोण सांगणार?)

तेवढ्यात आतून पुकारा झाला : "म्हात्रे बाळकृष्ण हिराजी!"

आणि पाठोपाठ मिठागरातला तो खणखणीत आवाज : "हाय! हाय!"

मिठागरात सकाळी हजेरी होते. नाव पुकारल्यावर लगेच 'हाय' आलं नाही, की खाडा! मी धावलो. झग्यात पाय अडकून व्यासपीठालगतच्या दारातच आडवा झालो. मान वर केली, तर बाबा व्यासपीठावर!

"तुम्ही बाळकृष्ण?" यादीवाल्या कारकुनाचा आवाज चिरकला.

"मी हिराजी. तुमीच पुकारला ना आता? पोरगा गावत नाय. त्याचा खाडा लावू नका, सायेब!"

कुलगुरूंनी बाबांच्या भेगाळलेल्या हातांकडे बघितलं आणि पदवी त्या हातांत ठेवली. बाबांनी पापड आणि मीठ त्यांच्या हातांत ठेवलं. टाळ्या अशा पडल्या, की कुणाही पहिल्या नंबरवाल्याला पडल्या नसतील! फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला.

परतीच्या एसटीत मी धुमसत होतो. "एकदाच मिळते ती, बाबा! आयुष्यात एकदाच!"

"म्हनून तर गेलो. मला ताप आला की शेजारचा नाना माझी 'हाय' देतो. आज मी तुझी दिली. त्यात चिडतोस काय रं?"

मी बी.ए. होतो. पदवी उलगडून तिच्यावरचं माझं नाव पुन्हा वाचून घेतलं.

बाबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या खिळ्यावर माझी तसबीर काही लागली नाही. पण अजूनही दवाखान्यात कुणी माझं पूर्ण नाव पुकारलं, की 'हिराजी'पाशी मी अडतो. मागून 'हाय' ऐकू येतं का, बघतो. येत नाही. (तोवर मागचा माणूस आत गेलेला असतो.)

फोटो मात्र आमच्या ओटीवर आहे. परवा नातीने विचारलं, "आजोबा, यात तुम्ही कुठे?"

मी दाराशी पडलेल्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं, कुणाची तरी छत्री पडलीय!"